२०४ दिवस बाहेर राहिलात म्हणून पाच वर्षे वाया गेली का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर (पुरस्कृत) केलेल्या नोकरीच्या व्हिसावर, १८ जानेवारी २०२१ ला ब्रिटनमध्ये आलात. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूरला वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. तुम्ही ४ फेब्रुवारीला निघून १६ जूनला परतलात. पुन्हा २० नोव्हेंबरला गेलात आणि २ फेब्रुवारी २०२४ ला आलात. जानेवारी २०२६ मध्ये पाच वर्षे भरतील, व्हिसाही त्याच महिन्याच्या अखेरीस संपतोय आणि तुम्हाला कायम वास्तव्याच्या परवानगीसाठी, म्हणजे आयएलआरसाठी, अर्ज करायचा आहे. एक मित्र म्हणतो, कुठल्याही वर्षात १८० दिवसांच्या वर गेला नाहीत, काळजी नको. दुसरा म्हणतो, सगळी मोजणी पुन्हा शून्यापासून. अकाउंटंट म्हणतो, त्या वर्षी तुम्ही इथले रहिवासी होतात, मग प्रश्न कसला? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की आयएलआर मिळाल्यावर वडिलांपाशी वर्ष-दीड वर्ष राहता येईल का.

तिघांचंही थोडं थोडं चुकतंय. तुमची परिस्थिती तुम्हाला वाटते तितकी वाईट नाही. मात्र एक धोका तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही, तो रजेच्या कागदांत आहे. त्याकडे येतोच.

आधी 'रहिवासी' हा शब्द. आपण तो एकच समजून वापरतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. कर खात्याला ठरवायचं असतं की या वर्षीच्या उत्पन्नावर कर घ्यायचा की नाही. त्यासाठी ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०१३ पासून स्वतंत्र कसोटी आहे. करवर्षात १८३ दिवस देशात असाल तर रहिवासी, कमी असाल तर घर, नोकरी, कुटुंब असे धागे बघून ठरवतात. २०२३-२४ च्या करवर्षात तुम्ही साधारण २२० दिवस इथे होतात, म्हणजे अकाउंटंटचं विधान बरोबर आहे. फक्त होम ऑफिस, म्हणजे व्हिसा बघणारं ब्रिटनचं गृहखातं, हा प्रश्नच विचारत नाही. भारताच्या प्राप्तिकराचा १८२ दिवसांचा नियम आणखी वेगळा, त्याचा तुमच्या अर्जाशी संबंध नाही.

इमिग्रेशनचा पाया १९७१ च्या कायद्यात आहे. तो १ जानेवारी १९७३ पासून लागू झाला. त्याने माणसांची सरळ विभागणी केली. एका बाजूला ज्यांना या देशात राहण्याचा मूळ हक्क आहे ते, ज्याला 'राइट ऑफ अबोड' म्हणतात. आज हे प्रामुख्याने ब्रिटिश नागरिक. त्यांना यायला-राहायला कोणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्या बाजूला बाकी सगळे, जे परवानगीवर राहतात. तिला कायद्यात 'लीव्ह' म्हणतात. या परवानगीला मुदत असते, अटी असतात. मुदत काढून टाकली की ती 'इंडेफिनिट लीव्ह' होते, म्हणजे आयएलआर. पण मुदत नसली तरी ती परवानगीच राहते, मूळ हक्क होत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर या फरकातूनच निघणार आहे.

याच कायद्यात 'सेटल्ड' माणसाची व्याख्या आहे आणि तिच्यात दोन गोष्टी एकत्र लागतात. माणूस सर्वसाधारणपणे इथे राहणारा हवा आणि त्याच्या राहण्याला मुदतीचं बंधन नको. 'सर्वसाधारणपणे राहणारा' म्हणजे काय, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) डिसेंबर १९८२ मध्ये लंडनच्या बार्नेट कौन्सिलविरुद्धच्या खटल्यात ठरवलं. परदेशातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षणाचं अनुदान मिळावं का, असा तो वाद होता. निकालाचा आशय असा: माणूस कायमचा राहणार आहे का हे बघू नका. तो स्वतःच्या मर्जीने, काही एका स्थिर उद्देशाने, आपल्या त्या काळातल्या नेहमीच्या जगण्याचा भाग म्हणून इथे राहतोय का, ते बघा. मला हा निकाल मनापासून आवडतो, कारण त्यात माणसाच्या जगण्याकडे पाहिलं आहे. या कसोटीवर तुम्ही नागपुरात वडिलांच्या खाटेशेजारी बसला होतात तेव्हाही इथलेच होतात. तुमचं घर, नोकरी, संसार सगळं इथेच होतं.

पण आयएलआरच्या अर्जात सलग वास्तव्य या कसोटीने ठरत नाही. तिथे दिवस मोजतात.

नियम असा: पात्रतेच्या पाच वर्षांत कुठल्याही १२ महिन्यांत १८० पेक्षा जास्त दिवस ब्रिटनबाहेर राहायचं नाही. 'कुठल्याही' या शब्दावर बोट ठेवा. ११ जानेवारी २०१८ पासून मिळालेल्या परवानग्यांना सरकती मोजणी लागू आहे. कॅलेंडर वर्ष नाही, करवर्ष नाही, व्हिसाचं वर्षही नाही. कुठलाही दिवस धरा, तिथून पुढचे १२ महिने घ्या, त्यात १८१ वा दिवस सापडायला नको. निघालेला दिवस आणि परतलेला दिवस धरत नाहीत, मधले पूर्ण दिवसच धरतात.

आता तुमचा हिशोब. पहिल्या खेपेला ५ फेब्रुवारी ते १५ जून, म्हणजे १३१ दिवस. दुसऱ्या खेपेला २१ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी, म्हणजे ७३ दिवस. कॅलेंडरप्रमाणे २०२३ मध्ये १७२ आणि २०२४ मध्ये ३२ पडतात, म्हणून मित्राला सगळं ठीक दिसलं. पण ५ फेब्रुवारी २०२३ पासूनचे १२ महिने घेतले तर दोन्ही खेपा त्यात पूर्ण बसतात. बेरीज २०४, म्हणजे मर्यादेपेक्षा २४ जास्त. हे २४ दिवस नाहीत असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. इतर काही छोट्या सहली झाल्या असतील तर त्याही याच मोजणीत धरा. व्हिसा मंजूर झाल्यापासून तुम्ही इथे पाऊल ठेवेपर्यंतचे दिवसही, ते पाच वर्षांत धरणार असाल तर, बाहेरचेच मानतात.

म्हणून पाच वर्षे गेली का? नाही. नियमातच अपवाद आहे. स्वतःचं किंवा जवळच्या नातलगाचं जिवावर बेतलेलं आजारपण, नातलगाचा मृत्यू, अशा तीव्र वैयक्तिक कारणामुळे बाहेर राहावं लागलं असेल आणि ते तुम्ही सिद्ध केलंत, तर ते दिवस १८० मध्ये धरत नाहीत. वडील जवळच्या नातलगांत येतात. पक्षाघाताचा झटका जिवावर बेतलेला होता की नाही, हे मात्र नुसत्या नावावरून ठरत नाही. अतिदक्षता विभागात किती दिवस होते, डॉक्टरांनी धोका किती काळ आहे असं लिहिलं, घरी आणल्यावर पुन्हा दाखल करावं लागलं का, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे तुमची फाइल न बघता खात्रीने सांगणं मला बरोबर वाटत नाही.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लोक इथे स्वतःचं नुकसान करून घेतात. तुम्हाला २०४ दिवसांचं समर्थन करायचं नाही. १८० दिवस तुम्हाला कारण न देताही मिळतात. सिद्ध करायचे आहेत ते २४. माझ्याकडे येणारे अर्जदार भीतीपोटी प्रत्येक दिवस वडिलांच्या आजारपणात बसवायला बघतात. मग फिजिओथेरपीचे महिनेही 'जिवाचा धोका' म्हणून लिहिले जातात, अधिकाऱ्याला ते पटत नाही आणि त्या अविश्वासात पहिले तीन-चार खरोखर भयंकर आठवडेही झाकोळले जातात. दुसऱ्या खेपेत चुलत बहिणीचं लग्नही होतं असं तुम्ही लिहिलंय. ते लपवू नका, आजारपणात मिसळूही नका. ती पूर्ण खेप साध्या दिवसांत मोजा. फेब्रुवारी आणि मार्च २०२३ मधला जो काळ कागदावर घट्ट उभा राहतो, त्याच्यावरच सगळा भार द्या. तो २४ दिवसांपेक्षा जास्त भरला तर हिशोब बसला.

कागद कोणते? हॉस्पिटलची दाखल केल्याची नोंद आणि डिस्चार्ज समरी, अतिदक्षता विभागाच्या तारखा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र. पत्रात 'रुग्ण आजारी होते' एवढंच नको. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत जिवाला धोका होता आणि मुलीची उपस्थिती का गरजेची होती, हे हवं. इतर भावंडं तिथे असतील तर तुम्हीच का, हा प्रश्न येऊ शकतो, त्याचं खरं उत्तर स्वतःच्या पत्रात दोन वाक्यांत द्या. मराठीत किंवा हिंदीत काही असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा.

तारखांच्या बाबतीत एक बारकावा. ब्रिटनमधून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, म्हणून बहुतेक लोक भारतातल्या शिक्क्यांवरून दिवस काढतात. रात्रीच्या विमानाने ४ तारखेला निघालात तर नागपूरच्या वाटेवर मुंबईला किंवा दिल्लीला शिक्का ५ तारखेचा पडतो. परतताना उलटं: तिथला शिक्का आदल्या दिवशीचा, इकडे पोचता दुसऱ्या दिवशी. काठावरच्या हिशोबात असा एकेक दिवस महाग पडतो. बोर्डिंग पास, तिकिटांचे ईमेल शोधा. नाहीच सापडले तर होम ऑफिसकडे तुमच्या प्रवासाच्या ज्या नोंदी असतात त्या माहिती-संरक्षण कायद्याखाली मागवता येतात. हे आत्ताच करा, वेळ लागतो.

आता तो रजेचा धोका. तुम्ही लिहिलंय की पहिल्या खेपेत चार आठवडे पगारी रजा होती, मग काही आठवडे लॅपटॉपवरून काम केलं आणि उरलेली रजा बिनपगारी. स्किल्ड वर्करला एका कॅलेंडर वर्षात एकूण चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी गैरहजेरी झाली, तर ठरावीक अपवाद सोडून कंपनीने स्पॉन्सरशिप थांबवायची असते. प्रसूती रजा, आजारपणाची रजा असे ते अपवाद. कौटुंबिक संकटासारखं सबळ कारण असेल आणि स्पॉन्सरशिप चालू ठेवायची असेल, तर कंपनीने ते होम ऑफिसला कळवायला हवं. दुसऱ्या देशातून काम केल्याचंही कळवायला हवं. इथे तुमचा हिशोब एकदम बदलतो: दिवस बसले तरी 'त्या काळात तुम्ही व्हिसाच्या अटीत होता का' हा प्रश्न उरतो. म्हणून सर्वांत आधी एचआरला लेखी विचारा, २०२३ मध्ये माझ्याबद्दल काय कळवलं? पगाराच्या स्लिपा काढा आणि बिनपगारी दिवस नेमके किती ते बघा. कदाचित तुम्ही समजताय त्यापेक्षा कमी निघतील. एका कुटुंबाच्या बाबतीत तसंच झालं होतं, कंपनीने शिल्लक रजा परस्पर जोडून दिली होती आणि त्यांना दोन वर्षे माहीतच नव्हतं. जास्त निघाले आणि काही कळवलेलं नसेल, तर अर्ज भरण्याआधी परवाना असलेल्या सल्लागाराला किंवा सॉलिसिटरला फाइल दाखवा. ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय इमिग्रेशनचा सल्ला विकणं गुन्हा आहे, त्यामुळे ओळखीच्या एजंटाकडे जाऊ नका.

समजा अधिकाऱ्याने आजारपणाचं कारण मान्य केलं नाही. मग दुसरा मित्र म्हणतो तसं शून्य का? तसंही नाही. पाच वर्षे अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात. त्या चौकटीच्या बाहेर, आधी, काय झालं ते बघत नाहीत. तुमची चौकट १ मार्च २०२३ पासून सुरू केली तर फेब्रुवारीचे २४ दिवस बाहेर पडतात आणि उरतात बरोबर १८०. म्हणजे सर्वांत वाईट धरलं तरी आयएलआरची तारीख १ मार्च २०२८ च्या आसपास जाते, २०३१ ला नव्हे. अर्थात १८० वर टेकलेला अर्ज मी कोणाला करू देणार नाही, आठवडाभर जास्त थांबायला सांगेन. आणि तोवर व्हिसाची मुदतवाढ लागेल, म्हणजे कंपनीचं नवं स्पॉन्सरशिप प्रमाणपत्र, नवी फी.

तरीही 'मग २०२८ लाच करू' असं मी सुचवणार नाही. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने पाच वर्षांची सर्वसाधारण मुदत दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव मांडला. साधारणपणे अर्जाच्या वेळी जो नियम असतो तो लागू होतो, तुम्ही आलात तेव्हाचा नव्हे. दोन वर्षांनी कुठला नियम तुमच्यासमोर असेल यावर संसाराची आखणी करू नये. कागद भक्कम असतील तर आत्ता अर्ज करा. पाच वर्षे पूर्ण होण्याच्या २८ दिवस आधीपासून, म्हणजे २१ डिसेंबर २०२५ पासून, तो भरता येतो. २०२५ मध्ये फी माणशी ३,०२९ पौंड होती आणि नकार आला तर ती परत मिळत नाही, म्हणून घाईघाईत अर्धी फाइल पाठवू नका. 'लाइफ इन द यूके' परीक्षा आधी उरकून घ्या: २४ प्रश्न, १८ बरोबर हवेत.

व्हिसा संपण्याआधी अर्ज गेला की निर्णय येईपर्यंत तुमची जुनी परवानगी कायद्यानेच पुढे चालू राहते. नोकरी करता येते, घर भाड्याने राहता येतं. पण या काळात देशाबाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असं मानतात. वडिलांची तब्येत बघता हे तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. जादा पैसे भरून पुढच्या कामाच्या दिवशी निर्णय देणारी सेवा असते. ऐपत असेल तर तुमच्यासारख्यांनी ती घ्यावी, असं मी आग्रहाने सांगतो. आई-वडील अत्यवस्थ आणि अर्ज अडकलेला, अशा कोंडीत सापडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

कागदांवर मी इतका का अडून बसतो, त्याला कारण आहे. १ जानेवारी १९७३ ला जे राष्ट्रकुल नागरिक इथे स्थायिक होते त्यांना १९७१ च्या त्या कायद्याने आपोआप बेमुदत परवानगी मिळाली. हातात कागद मात्र दिला नाही. १९४८ मध्ये 'एम्पायर विंड्रश' जहाज टिलबरीला लागलं, तेव्हापासून कॅरिबियनमधून आलेल्या पिढीतली कितीतरी माणसं त्यात होती. पुढे नोकरी, घर, दवाखाना सगळीकडे पुरावा मागायला सुरुवात झाली. जुनी लँडिंग कार्डं, म्हणजे देशात उतरतानाच्या नोंदी, २०१० मध्ये नष्ट केली गेली होती. चाळीस-पन्नास वर्षे कर भरलेल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये हे उघड झालं आणि मार्च २०२० मध्ये वेंडी विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाने त्याची नोंद केली. हक्क त्यांच्याकडे होता, नव्हता तो पुरावा. म्हणून तुमच्या ई-व्हिसाच्या (ऑनलाइन व्हिसाच्या) खात्यात जाऊन आजच बघा: नाव, जन्मतारीख, व्हिसाची मुदत बरोबर आहे का, नवा पासपोर्ट घेतला असेल तर तो जोडला आहे का. वास्तव्याच्या परवानगीची प्लास्टिकची बीआरपी कार्डं ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतचीच होती, तरी जुनं कार्ड फेकू नका.

आता शेवटचा प्रश्न. आयएलआर मिळाल्यावर वर्ष-दीड वर्ष नागपूरला राहता येईल. आयएलआरला १८० दिवसांचा नियम नाही. सलग दोन वर्षांपेक्षा जास्त ब्रिटनबाहेर राहिलात तर ती परवानगी आपोआप संपते, कोणी पत्र पाठवून कळवत नाही. मग 'रिटर्निंग रेसिडेंट' म्हणून पुन्हा अर्ज करावा लागतो आणि इथे मजबूत धागे शिल्लक आहेत हे दाखवावं लागतं. दोन वर्षांत एकदा आठवडाभर येऊन जायचं म्हणजे झालं, हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो धोक्याचा आहे. आयएलआर इथे स्थायिक असणाऱ्यासाठी असते आणि तुम्ही इथे राहायलाच परत येताय का, हे विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो. दीड वर्ष जाणार असाल तर घराचे, बँकेचे, जोडीदाराच्या नोकरीचे कागद सोबत ठेवा.

मात्र नागरिकत्व हवं असेल तर त्या दीड वर्षाची किंमत मोजावी लागेल. त्याची मोजणी वेगळी आहे: मागच्या पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नको, शेवटच्या १२ महिन्यांत ९० पेक्षा जास्त नको आणि बरोबर पाच वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी तुम्ही ब्रिटनमध्ये हजर हवं. जोडीदार ब्रिटिश नसेल तर आयएलआर मिळून वर्षही झालेलं हवं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागेल. हा निर्णय घरात बसून घ्यायचा आहे, मी त्यात पडत नाही. पण इथे जन्मलेल्या तुमच्या मुलाचं वेगळं आहे. जन्माच्या वेळी तुम्ही दोघंही सेटल्ड नव्हतात म्हणून तो जन्माने ब्रिटिश नाही. तुमच्यापैकी एकाला आयएलआर मिळाली की त्याची नागरिक म्हणून नोंदणी करता येते आणि त्यासाठी तुम्ही स्वतः नागरिकत्व घेण्याची गरज नाही.

एचआरचं उत्तर आणि डिस्चार्ज समरीवरच्या तारखा हातात आल्या की कळवा. नावं-पत्ते खोडून फक्त तारखा लिहिल्यात तरी २४ दिवस कुठे बसतात ते सांगता येईल.